आधी दोष, मग गाडी

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटवर एक तरुण जोडपं वॉचमनशी हुज्जत घालत उभं होतं. त्यांना ‘गाडीवाल्या मॅडम’ हव्या होत्या. वॉचमन नवा, त्याला वाटलं ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या कुणी बाई असतील. शेवटी मीच बाल्कनीतून ओरडून सांगितलं, “त्या आता इथे नसतात. गावी, कुडाळला असतात.” मुलाचा चेहरा पडला. मान वर करून म्हणाला, “मग आता जुनी गाडी घ्यायची कुणाकडून?” अख्ख्या मुंबईत जुनी गाडी विकणारं दुसरं माणूसच नाही, असा त्याचा सूर. मोबाइल उघडला तर ढिगाने मिळतील. पण मला त्याचं म्हणणं मुळीच चूक वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझी छाती जरा फुगलीच. ती गाडीवाली मॅडम म्हणजे कुंदाताई परब. इतकी वर्षं ती माझ्या डोक्यावर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, राहिली.

आमची इमारत बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अलीकडे. मागच्या बाजूला कंपाउंडचा एक लांबट, वाकडा तुकडा आहे. तिथे नव्या मोठ्या गाड्या वळत नाहीत म्हणून तो कुणालाच नको होता. कुंदाताईने तो सोसायटीकडून मागून घेतला. तिथे कधी पद्मिनी उभी असे, कधी अॅम्बॅसेडर. एकदा काही महिने एक गोलमटोल मायनर होती, तिच्याकडे बघून पोस्टमन रोज हसायचा. या गाड्या लोकांच्या. कुणाचे वडील गेले, कुणी परदेशी निघालं, कुणाची इमारत पाडायला काढली, की लोक गाडी तिच्याकडे आणून सोडत. मग ती इंटरनेटवर जाहिरात देऊन तिला नवा मालक बघून देई. ‘विकून देते’ म्हटलेलं तिला खपत नसे. ‘बघून देते’ म्हणायचं. आणि बघून दिलेली गाडी चालती राहिली पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. आपल्या हातून गेलेली गाडी भंगारात गेली असं कळलं की ती दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे.

हे ‘बघून देणं’ आलं कुठून, तर वधूवर सूचक मंडळातून. कुंदाताईने त्यांच्या ज्ञातीच्या मंडळात वर्षानुवर्षं फुकट काम केलं. स्थळांची माहिती नीट अक्षरात उतरवून ठेवायची, हे तिचं काम. तिथे ती वैतागली. सगळे मुलगे निर्व्यसनी, सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष, सगळी घरं सुसंस्कृत. “अगं, मग इतकी भांडणं कुणाच्या घरात होतात?” असं ती मला विचारायची. शेवटी तिने स्वतःच्या अकलेने माहितीत भर घालायला सुरुवात केली. ‘मुलगा रागीट आहे, पण लगेच शांत होतो.’ ‘सासूबाई बोलतात फार, मनाने चांगल्या.’ मंडळाच्या अध्यक्षांनी तिला शाल-श्रीफळ देऊन सन्मानाने घरी पाठवलं. ती शाल ती पुढे गाडीचं बॉनेट पुसायला वापरत असे.

मंडळातल्याच एका गृहस्थांनी तिला पहिली जाहिरात लिहायला सांगितली. त्यांच्या मोठ्या भावाची पद्मिनी होती, भाऊ गेलेले. कुंदाताई खाली येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि मोबाइलवर एका बोटाने लिहायला लागली. ती जाहिरात मला अजून जवळपास पाठ आहे.

‘पद्मिनी विकणे आहे. आधी दोष. मागच्या डाव्या दाराची काच मध्येच अडकते, हाताने ओढावी लागते. डिकीत गंज आहे, फोटो पाहावा. वायपर मनात आलं तर चालतात. हॉर्न एकदा वाजला की थांबायला वेळ लावतो. आता गुण. सकाळी पहिल्या चावीला चालू होते. मालकांनी हिच्यावर कधी कुणाला शिकू दिलं नाही. ज्यांना ऑफिसला वेळेवर पोचायचं असतं त्यांनी कृपया दुसरी गाडी बघावी.’

“अशाने कोण घेणार गं?” मी म्हटलं.

“ज्याला घ्यायचीये तोच घेईल. बाकीच्यांचा चहा वाचला,” ती म्हणाली.

फोटोंचंही तसंच. बाकीचे लोक गाडी धुऊन पुसून, उन्हं कलताना समुद्राजवळ नेऊन फोटो काढतात. कुंदाताई भर दुपारी काढायची. “संध्याकाळी कुठलीही गाडी देखणी दिसते. खरं तोंड दुपारीच कळतं,” हे तिचं ठरलेलं वाक्य. गंजाचं भोक केवढं आहे ते कळावं म्हणून शेजारी पोह्यांचा चमचा ठेवायची. त्या चमच्यावरून पुढे पुढे तिच्या जाहिराती ओळखू यायला लागल्या. फोटोत चमचा दिसला की जुन्या गाड्यांचे षौकीन समजून जायचे, ही बोरीवलीच्या बाईंची गाडी.

जाहिरात टाकली की मेसेजचा पूर यायचा. त्यातले निम्मे ‘लास्ट प्राइस?’ एवढेच. ना नमस्कार, ना नाव, ना गाव. कुंदाताईचं उत्तर ठरलेलं: ‘आधी नाव सांगा.’ बरेचसे तिथेच गळत. एकदा मुलुंडच्या एका माणसाने विचारलं, बाइकच्या बदल्यात अॅम्बॅसेडर देणार का. दुसरं कुणी असतं तर मेसेज पुसून टाकला असता. हिने लिहिलं, ‘बाइकचे दोष लिहून पाठवा.’ त्या पठ्ठ्याने खरोखर पाठवले! लांबलचक, प्रामाणिक, अगदी सीटखाली उंदराने काय केलं तेसुद्धा. कुंदाताईने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, “सुलभे, हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही.” बाइक काही घेतली नाही तिने, पण वर्षभराने एक अॅम्बॅसेडर आली तेव्हा सगळ्यात आधी त्यालाच फोन केला. ती गाडी अजून मुलुंडला चालते.

मेसेजमधून टिकलेला माणूस घरी यायचा. मग कांदेपोहे आणि चौकशी. गाडी कुठे उभी राहणार? वर छप्पर आहे का? घरात कुणाचा विरोध आहे का? आधीची गाडी का काढली? भर रस्त्यात बंद पडली तर सोडून रिक्षाने घरी याल, की शेजारी थांबाल? मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब पोह्यांची बशी हातात धरून घाम पुसत उत्तरं द्यायचे. तिचे यजमान, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो, बसकंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते कोपऱ्यात पेपर धरून बसायचे आणि मध्येच मालवणीत एखादी पिंक टाकायचे. “गो, माका बघूक इलंस तेव्हा इतक्या इचारूक नाय तां?” मग पाहुणा हसायचा आणि जरा सैल व्हायचा. मला वाटतं ते भाईंचं मुद्दाम होतं.

ती काही संत नव्हती, हेही सांगायला हवं. कामाचा मोबदला ती न लाजता घ्यायची. जिभेला धार होती. बॉनेटवर झोपणाऱ्या मांजरांशी तिचं उभं वैर. गाड्यांखाली तेलाचे डाग पडतात म्हणून सेक्रेटरी मेहताभाईंनी मीटिंगमध्ये तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पराती गाड्यांखाली सरकवल्या आणि मेहताभाईंना हाताला धरून दाखवायला नेलं. “बघा, एक थेंब जमिनीवर नाही. तुमच्या गाडीच्या एसीचं पाणी मात्र माझ्या तुळशीपर्यंत वाहत येतंय.” मेहताभाई चांगला माणूस. तेही हसले, आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

आणि मग ते निळ्या पद्मिनीचं प्रकरण झालं.

घेणारा अंधेरीचा. पांढराशुभ्र शर्ट, गोड बोलणं. पोहे दोनदा मागून घेतले, जाताना भाईंच्या पाया पडला. कुंदाताईच्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे चोख उत्तर. छप्पर आहे, घरात विरोध नाही, पैसे तयार. ती अगदी खूश. काही महिन्यांनी आमच्या तिसऱ्या मजल्यावरची मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाचे फोटो सगळ्यांना दाखवत होती. अंधेरीचं एक नवं हॉटेल. फोटोत दोन मुली निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या गुडघ्यांपुढे, पुढची सीट असायला हवी तिथे, पिझ्झाचं टेबल होतं. कुंदाताईने फोटो मोठा केला. दारावर हाताच्या पंज्याएवढा पोचा होता. तो पोचा तिने स्वतः जाहिरातीत लिहिला होता.

“चल,” ती मला म्हणाली. एवढंच.

त्यांनी गाडी मधोमध कापली होती. पुढचा अर्धा भाग एका भिंतीला, मागचा अर्धा समोरच्या भिंतीला, मध्ये टेबल. स्टेअरिंगला मेन्यूकार्ड अडकवलेलं. कुंदाताई मागच्या सीटवर बसली. चहा मागवला. हात वर करून आतला छोटा दिवा लावून पाहिला. तो दिवा लागत नाही असं तिने जाहिरातीत लिहिलं होतं. आता लख्ख लागला.

“दिवा दुरुस्त केलाय,” ती म्हणाली.

मॅनेजर कौतुकाने जवळ आला. “मॅडम, एकदम ओरिजिनल गाडी आहे, हां! सगळे सेल्फी काढतात इथे.”

“माहितीये,” कुंदाताई म्हणाली. चहा तसाच ठेवून उठली.

मी त्या माणसाच्या नावाने रिक्षात इतकी बोटं मोडली की रिक्षावाला आरशातून बघायला लागला. जोगेश्वरी मागे पडल्यावर कुंदाताई म्हणाली, “तो खोटं नाही बोलला गं. छप्पर आहे म्हणाला, आहे. घरात विरोध नाही म्हणाला, नसेल. चालवणार का, ते मी विचारलंच नाही. गाडी घेतोय म्हणजे चालवणार, असं धरूनच चालले मी. मंडळात इतकी वर्षं काढली, आणि मुलाला लग्न करायचंय का हेच विचारायचं राहिलं बघ.”

त्यानंतर बरेच दिवस मागच्या तुकड्यात कुणाची गाडी आली नाही. लोकांचे फोन यायचे, ती ‘सध्या नाही’ म्हणायची. मला भीती वाटली की हे आता संपलं. मग एक दिवस एका फोटोत चमचा पुन्हा दिसला, आणि जाहिरातीच्या शेवटी नवं वाक्य होतं: ‘गाडी चालवण्यासाठीच दिली जाईल.’ पोह्यांच्या वेळचा पहिला प्रश्नही बदलला. चालवणार ना? पण तोवर तिचं नाव झालं होतं, गाड्यांच्या नादी लोकांत तिच्या प्रश्नांची चर्चा व्हायची. थोड्याच दिवसांत जो येईल तो दारात चप्पल काढता काढता म्हणायचा, “मॅडम, रोज चालवणार.” पेपर फुटला होता. कुंदाताई उत्तरं ऐकायची आणि माझ्याकडे बघून हळूच भुवई उडवायची.

या सगळ्या येण्याजाण्यात एक गाडी मात्र कायम तिथेच राहिली. हेराल्ड. ती कुंदाताईची स्वतःची. दुधी रंगाची, छोटी, पुढचं अख्खं तोंड एका झटक्यात उघडणारी. ती तिने अशाच एका जाहिरातीतल्या अंधुक फोटोवरून शोधून काढली होती, मरोळच्या गावठाणात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ताडपत्रीखाली. तिथल्या सेलीनआजींचा नवरा गेल्यापासून ती उभीच होती. कुंदाताईने ती घेतली, चालू करून घेतली, आणि दर रविवारी पदर खोचून, भाईंना शेजारी बसवून, घोडबंदरच्या रस्त्याने मुलुंडला बहिणीकडे जायला लागली. सिग्नलला थांबली की बाजूचे स्कूटरवाले थम्सअप करत. ती मान ताठ ठेवून समोर बघायची, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. तिच्या आयुष्यातला तो रविवार मी बाल्कनीतून किती वेळा पाहिला असेल. मला दर वेळी छान वाटायचं.

मग हेराल्ड गेटच्या डाव्या खांबाला घासायला लागली. पहिल्यांदा कुंदाताई म्हणाली, खांब सरकलाय. दुसऱ्यांदा म्हणाली, वॉचमनने गेट नीट उघडलं नव्हतं. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. भाईंनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं, डावीकडचं जास्त. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

दोन-तीन रविवार हेराल्ड जागची हलली नाही. कुंदाताई खाली जायची, बसायची, इंजिन चालू करून ऐकायची, बंद करून वर यायची. आम्ही सगळ्यांनी सल्ले दिले. ड्रायव्हर ठेव. बंगळुरूला मुलाकडे पाठवून दे गाडी. असू दे इथेच, खात थोडीच आहे. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग एका दुपारी माझ्याकडे आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मी लोकांना विचारते ना, चालवणार का? मग मला कुणी विचारायचं?”

मी हातातलं काम खाली ठेवलं.

“मोबाइल घे. स्क्रीनवरची कडेची अक्षरं मला सापडत नाहीत. लिही. हेराल्ड विकणे आहे. आधी दोष.” तिने खुर्ची पुढे ओढली. “गाडीच्या डाव्या बाजूला खरचटलंय, कारण मालकिणीला डावीकडचं दिसत नाही.”

“कुंदाताई, हे कशाला लिहायचं? खरचटलंय एवढं पुरे ना.”

“का खरचटलं ते नको कळायला? उद्या कुणी म्हणेल स्टेअरिंग ओढतं एका बाजूला. गाडीला उगाच बट्टा नको. लिही.”

मी लिहिलं. लिहिताना माझे डोळे भरून आले, पण मी तिच्या डावीकडे होते, ते तिला दिसले नाहीत. त्या क्षणी मला या बाईचा जो अभिमान वाटला तो आजवर कुणाचा वाटलेला नाही. माझ्या ऑफिसात लोक स्वतःची चूक दुसऱ्याच्या टेबलावर सरकवण्यात अख्खी नोकरी घालवतात. ही एका गाडीवर आळ येऊ नये म्हणून स्वतःचे डोळे जाहिरातीत घालत होती.

जाहिरात बघून माणसांची रीघ लागली. बाईंची स्वतःची गाडी म्हटल्यावर लागणारच. सगळे रोज चालवणारे. अंधेरीचेच एक गृहस्थ आले, त्यांच्याकडे जुन्या गाड्यांचा मोठा ताफा होता, पदरी मेकॅनिक होते. सभ्य माणूस, गाडीचं प्रेमही खरं. त्यांनी किंमतही वाढवून सांगितली. भाई आतल्या खोलीत बायकोला म्हणाले, “देऊन टाक गो, राजासारखी ठेवतलो.” कुंदाताईने सगळ्यांना एकच केलं. चावी दिली आणि एक चक्कर मारून आणायला सांगितलं. ती स्वतः डावीकडच्या सीटवर, मी मागे. हेराल्डचा क्लच जरा चिवट, सवय नसली की गाडी हमखास बंद पडते. एकेकाने चढावर ती बंद पाडली. “प्लग बघावे लागतील,” एक जण म्हणाला. “कार्बुरेटर साफ नाहीये,” दुसरा. ताफेवाले गृहस्थ म्हणाले, “काळजी करू नका, माझी माणसं सगळं खोलून बसवतील.” कुंदाताई नुसती हुं म्हणाली.

मग मानखुर्दची निलोफर आली. तिशी-पस्तिशीची, ओढणी कमरेला बांधलेली, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारी. एकटीच आली. पोहे खाताना कुंदाताईने विचारलं, “चालवणार ना?”

“आंटी, खरं सांगू का?” निलोफर म्हणाली. “रोज नाय जमणार. रोज व्हॅन असते ना. पावसात तर काढणारच नाय, आमच्या गल्लीत पाणी भरतं. तेव्हा मामूच्या वर्कशॉपमध्ये ठेवीन, ते उंचावर आहे. रविवारी चालवीन. तेपण अम्मीला दवाखान्यात न्यायचं नसलं तर.”

“मग घेतेस कशाला?”

निलोफरने बशी खाली ठेवली. “व्हॅन मी पोटासाठी चालवते. दिवसभर मागे पोरं आरडाओरडा करतात, मी पुढे बघते. एक गाडी माझ्यासाठी पायजे. मला जायचं असेल तिथे जायला. घरी सगळे बोलतात, पागल झालीस. असेन.”

कोपऱ्यातला पेपर खाली झाला. भाई तिच्याकडे बघत होते.

चक्कर मारायला गेलो. निलोफरनेही चढावर गाडी बंद पाडली. ती लगेच म्हणाली, “सॉरी आंटी, मी बंद पाडली. क्लच लवकर सोडला.” आणि पुन्हा चालू केली. कुंदाताई डावीकडे डोळे मिटून बसली होती आणि तिचा उजवा पाय, नसलेल्या ब्रेकवर, सारखा दाबला जात होता. घरी पोचेपर्यंत तो पाय थांबला होता.

“हिला,” जिना चढताना ती मला म्हणाली.

“विचार कर हां. ते अंधेरीवाले कायम सांभाळतील. हिचं काय सांगता येतंय?”

“नाही सांगता येत. तिनेच सांगितलं की, सांगता येत नाही म्हणून. आजवर माझ्याकडे आलेल्यांत पहिलीच आहे, जिने आधी दोष सांगितले. स्वतःचे.” मग दम खायला ती कठड्याला टेकली. “रडू येतंय गं मला. पण बरं वाटतंय.”

कागदावर निलोफरचं नाव चढलं आणि न्यायचा दिवस ठरला. आता एक रीत सांगायला हवी. गाडी निघाली की कुंदाताई नेहमी तिच्याबरोबर जायची, लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते तशी. नव्या मालकाच्या शेजारी बसून त्याच्या दारापर्यंत, जागा बघायची, चहा घ्यायचा आणि परत यायचं. निळ्या पद्मिनीबरोबरसुद्धा गेली होती, छप्पर बघून आली होती. त्यामुळे त्या सकाळी निलोफरने डावीकडचं दार उघडून धरलं. मेहताभाई, तिसऱ्या मजल्यावरची मुलगी, सगळे खाली जमलेले. भाईंनी चाकापुढे नारळ फोडला. गाडी त्यांनी स्वतः धुतली होती, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते सगळ्यांना सांगत होते.

कुंदाताई जागची हलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “सुलभे, तू जा.”

“मी? अगं, मला काय कळतं गाडीतलं?”

“कळायला कशाला हवं? आईने पाठराखीण म्हणून जायचं नसतं. मावशीने जायचं. बस.”

मी घरातल्या चपलांवर तशीच बसले. निलोफरने सलाम केला. कुंदाताईने तिच्या गालावरून हात फिरवला, आणि मग बॉनेटवर हात सपाट ठेवून थोडा वेळ तशीच राहिली. नंतर बाजूला झाली. निलोफरने गाडी सावकाश गेटातून बाहेर काढली, डाव्या खांबापासून भरपूर जागा सोडून, आणि आम्ही रस्त्याला लागलो.

मी बाजूच्या आरशात पाहिलं. सगळे हात हलवत होते. कुंदाताई रस्त्याच्या मध्यापर्यंत चालत आली होती, भाईंनी तिचा दंड धरला होता. ती हात हलवत नव्हती, आमच्याकडे बघतही नव्हती. डोळे मिटून, कान आमच्या बाजूला करून उभी होती. निलोफरने दुसरा गिअर टाकला, मग तिसरा. गिअरची कसलीही खरखर न होता गाडीने वेग घेतला. आरशात कुंदाताई भाईंना काहीतरी सांगून हसली. मी काच खाली करून तिला हाक मारणार होते. मारली नाही. तिला इंजिन ऐकू येत होतं.